सल्ला आणि साधन : एच.आय.व्ही.पासून स्त्रीचे संरक्षण

(स्मृतिव्याख्यानाचे लेखरूप)



या व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक संस्थेने मला दिली, याबद्दल मी प्रथम आभार मानते. मी निवडलेला विषय ऐकून एक-दोघांनी, "शाळेच्या व्यासपीठावर हे कसे चालेल?" अशी शंका काढली. परंतु ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी शरीरशास्त्राच्या पुस्तकातील शेवटचा धडा "घरी वाचून या" असे सांगून कधी टाळला नाही. इतर धड्यांप्रमाणेच फळ्यावर आकृती काढून त्यांनी तो आम्हांला शिकवला. तेव्हा हा विषय या शाळेला परका नाही, असे मी समजते.

विषय असा आहे : एच.आय.व्ही. या विषाणूपासून स्त्रीला स्वतःचे रक्षण स्वतः करता येईल, त्यासाठी पुरुषाच्या परवानगीची गरज पडणार नाही, असे साधन शोधण्याचा गेल्या सुमारे पस्तीस वर्षांतील प्रयत्न. या प्रयत्नात अपयशे पुष्कळ आहेत आणि यश अलीकडचे आहे. अपयशांतून जे शिकायला मिळाले ते यशाइतकेच मोलाचे आहे, म्हणून दोन्हींचा वृत्तांत मी क्रमाने सांगणार आहे.

एकनिष्ठ स्त्रीचा प्रश्न

भारतात या विषाणूची लागण प्रथम १९८६ साली मद्रासमध्ये, देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्ततपासणीत आढळली. त्यानंतर पुष्कळ वर्षे आपल्या समाजाने अशी समजूत करून घेतली की, हा आजार 'तसल्या' वस्त्यांचा, महामार्गावरच्या ट्रकचालकांचा. कुटुंबवत्सल घराच्या उंबरठ्याच्या आत तो येत नाही. या समजुतीला पहिला मोठा धक्का पुण्यातून बसला. तेथील संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी केली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या ९१६ पैकी ५२५ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या होत्या, ३९१ नव्हत्या. या दुसऱ्या गटात बहुतेक विवाहित व पतीशी एकनिष्ठ अशा स्त्रिया होत्या, आणि त्या गटातील १३.६ टक्के स्त्रियांना एच.आय.व्ही.ची लागण झालेली आढळली.

हा आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या स्त्रिया काही तक्रार घेऊन गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या होत्या. त्यामुळे हे प्रमाण सर्व विवाहित स्त्रियांना लागू करणे चुकीचे ठरेल. परंतु अभ्यासाचा मथितार्थ त्यामुळे कमी होत नाही. या स्त्रियांच्या स्वतःच्या वागणुकीत धोक्याचे असे काही नव्हते. धोका त्यांच्या घरात होता, आणि तो टाळण्याचा उपाय त्यांच्या हाती नव्हता.

त्या काळात सर्वांना जो सल्ला दिला जाई तो तीन शब्दांत मावणारा होता : संयम, एकनिष्ठा आणि निरोध. हा सल्ला खोटा नव्हता. परंतु एखाद्या विवाहित स्त्रीच्या जागी स्वतःला ठेवून तो पुन्हा वाचून पाहावा. संयम पाळणे तिच्या इच्छेवर नाही. एकनिष्ठ ती आहेच. तिच्या एकनिष्ठेने पतीच्या रक्तातील विषाणू थांबत नाही. राहिला निरोध, तर तो वापरायचा पुरुषाने. पत्नीने त्याचा आग्रह धरला तर, "माझ्यावर संशय घेतेस, की तुझेच काही आहे?" हा प्रश्न ठरलेला. शिवाय लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला पाहिजे अशी अपेक्षा असलेल्या घरात निरोध वापरायचा कसा? विषाणू आणि गर्भधारणा या दोहोंना तो एकाच वेळी अडवतो.

सल्ला आणि साधन यांतील फरक तो हाच. जो सल्ला पाळण्यासाठी दुसऱ्याची संमती लागते, तो ज्याला दिला त्याचे संरक्षण करू शकत नाही.

उलट बाजूचे एक उदाहरण आपल्या सीमाभागातच आहे. सांगलीत मीना शेषू यांच्या पुढाकाराने 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत काम सुरू केले. पुढे १९९६ मध्ये या स्त्रियांचीच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली आणि तिचे काम आपल्या निपाणीपर्यंत पोहोचले. निरोधाचे वाटप या स्त्रिया स्वतः करू लागल्या. एका वस्तीतील सगळ्याच जणी निरोधाविना गिऱ्हाईक नाकारू लागल्या की गिऱ्हाइकाला पर्याय उरत नाही. संघटनेने त्यांना जी ताकद दिली ती घरातल्या पत्नीला नसते. शयनगृहात ती एकटी असते. तिच्यासाठी वेगळा मार्ग शोधणे आवश्यक होते.

शरीराची बाजू

सामाजिक दुर्बलतेच्या जोडीला शरीररचनेचे कारणही आहे. योनीमार्गाच्या आतील अस्तराचे क्षेत्रफळ मोठे असते आणि वीर्य तेथे बराच वेळ राहते. त्या अस्तराखाली रोगप्रतिकाराचे काम करणाऱ्या पेशी असतात आणि एच.आय.व्ही. नेमका त्याच पेशींत शिरतो. जणू घराच्या राखणदारालाच चोराने फितवावे, तसा हा प्रकार. किशोरवयीन मुलीत गर्भाशयमुखाचा नाजूक, पातळ अस्तराचा भाग अधिक उघडा असतो, म्हणून तिला धोका जास्त. एखादा गुप्तरोग, व्रण किंवा दाह असेल तर विषाणूला वाट अधिकच सोपी होते. युरोपातील जोडप्यांच्या अभ्यासात पुरुषाकडून स्त्रीला लागण होण्याचे प्रमाण, स्त्रीकडून पुरुषाला होण्याच्या सुमारे दुप्पट आढळले होते. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील एच.आय.व्ही.बाधितांपैकी ५३ टक्के स्त्रिया व मुली होत्या.

एक प्रश्न आणि पहिले उत्तर

हा विचार स्पष्ट शब्दांत प्रथम मांडणाऱ्यांत झीना स्टाइन यांचे नाव घ्यावे लागते. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे जन्मलेल्या आणि न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काम केलेल्या या साथरोगतज्ज्ञ बाईंनी १९९० साली एका लेखात, स्त्रियांना स्वतः वापरता येतील अशा प्रतिबंधक पद्धतींची गरज मांडली. त्यामागील तर्क कुटुंबनियोजनाच्या अनुभवाशी जुळणारा होता. गर्भनिरोधनात स्त्रीला गोळी मिळाली, तांबी मिळाली. म्हणून पुरुषाने काही केले नाही तरी तिला आपला निर्णय अमलात आणता आला. बेळगावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना, "ह्यांना न सांगता बसवता येईल का हो?" हा प्रश्न मी तांबीच्या बाबतीत किती वेळा ऐकला असेल, याची मोजदाद नाही. जे गर्भाच्या बाबतीत शक्य झाले ते विषाणूच्या बाबतीत का होऊ नये, असा हा साधा प्रश्न.

पहिले उत्तर होते स्त्रियांसाठीचा निरोध. डेन्मार्कचे डॉक्टर लासे हेसेल यांनी तो तयार केला आणि १९९३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दोन टोकांना दोन कड्या असलेली ही मऊ पिशवी संबंधापूर्वी स्त्री स्वतः आत बसवू शकते. त्याचे उत्पादन आपल्या महाराष्ट्रातही होते : नाशिकजवळ सिन्नर येथील क्युपिड कंपनीच्या स्त्री-निरोधाला २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि तो अनेक देशांत गेला. हे साधन उपयुक्त आहे यात शंका नाही. तथापि त्याच्या मर्यादाही उघड आहेत. बाहेरची कडी दिसते, म्हणजे ते लपत नाही. पुरुषांच्या निरोधापेक्षा ते महाग आहे. आणि मूल हवे असणाऱ्या स्त्रीला त्याचाही उपयोग नाही.

जेलची आशा आणि निराशा

यानंतर शास्त्रज्ञांचे लक्ष योनीमार्गात लावायच्या जेलकडे वळले. अशा औषधांना 'मायक्रोबिसाइड' हे नाव पडले. कल्पना आकर्षक होती : रंगहीन जेल, स्त्रीने आधी लावून ठेवावे, कोणाला कळू नये.

पहिला उमेदवार होता नॉनॉक्सिनॉल-९, शुक्रजंतू मारण्यासाठी पूर्वीपासून वापरात असलेले द्रव्य. ते साबणासारखे काम करते. विषाणूभोवतीचे स्निग्ध आवरण ते प्रयोगशाळेत विरघळवून टाकीत असे. बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड या देशांतील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत त्याची चाचणी झाली. २००० साली डर्बनच्या जागतिक परिषदेत निकाल जाहीर झाला, तेव्हा सभागृह सुन्न झाले असल्यास नवल नाही. औषधी जेल वापरणाऱ्या ३७६ पैकी ५९ स्त्रियांना लागण झाली होती; औषध नसलेले जेल वापरणाऱ्या ३८९ पैकी ४५ स्त्रियांना. जे साबणासारखे विषाणूचे आवरण विरघळवते तेच वारंवार वापरल्यास योनीच्या अस्तरालाही इजा करते. परीक्षानळीतील यश आणि देहातील यश या भिन्न गोष्टी आहेत, हा पहिला धडा होय.

येथे चाचणीची पद्धत थोडक्यात सांगितली पाहिजे. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे स्त्रियांचे दोन गट केले जातात. एका गटाला औषधी जेल, दुसऱ्याला तसेच दिसणारे औषधरहित जेल. कोणाला काय मिळाले हे ना स्त्रीला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. दोन्ही गटांना निरोध मोफत मिळतात, समुपदेशन आणि गुप्तरोगांवर उपचार मिळतात. मग कोणत्या गटात लागण कमी झाली ते पाहायचे. इतके सगळे देऊनही औषधरहित गटात लागण होत राहते. यावरूनच निरोध हाती असणे आणि तो वापरला जाणे यांत किती अंतर आहे ते कळावे.

पुढचा उमेदवार, सेल्युलोज सल्फेट, आपल्या शेजाराशी संबंध असलेला आहे. त्याच्या चाचणीची केंद्रे आफ्रिकेतील तीन देशांबरोबर भारतात चेन्नई आणि आपल्या शेजारच्या बागलकोट येथे होती. हे द्रव्य अस्तराला इजा न करता विषाणूला पेशीपर्यंत पोहोचू देणार नाही, अशी अपेक्षा होती. परंतु २००७ च्या जानेवारीत चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण उपयोग दिसेना, उलट अपाय होत असावा अशी शंका आली. अखेरच्या हिशेबात अपाय ठामपणे सिद्ध झाला नाही, पण उपयोग नाही हे निश्चित झाले. समुद्रशैवालापासून केलेले कॅरागार्ड २००८ साली दक्षिण आफ्रिकेतील सहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत निरुपयोगी ठरले. त्यानंतर 'प्रो २०००' या जेलची गत २००९ साली तीच झाली. त्या चाचणीत नऊ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या.

या स्त्रियांची नावे कोठेही छापलेली नाहीत, छापली जाऊही नयेत. बागलकोटची एखादी स्त्री महिनोन्महिने केंद्रावर येऊन रक्त देत राहिली, प्रश्नांना उत्तरे देत राहिली. तिच्या वाट्याला निष्फळ जेल आले. परंतु निष्फळ काय आहे हे तिने सांगितले म्हणूनच संशोधनाची पुढची दिशा ठरली.

जेल आहे, वापर नाही

ती दिशा अशी : विषाणूला बाहेर अडवण्याऐवजी, एड्सच्या उपचारात वापरले जाणारे औषधच निरोगी स्त्रीच्या पेशींत आधी पोहोचवून ठेवायचे. विषाणू पेशीत शिरला तरी त्याला आपली प्रत काढता येऊ नये. दक्षिण आफ्रिकेतील कुरैशा आणि सलीम अब्दुल करीम या संशोधक दांपत्याने क्वाझुलू-नाताल प्रांतातील ८८९ स्त्रियांत टेनोफोविर औषधाच्या जेलची चाचणी घेतली. संबंधापूर्वी बारा तासांच्या आत एकदा आणि नंतर बारा तासांच्या आत एकदा, असे ते लावायचे होते. २०१० साली व्हिएन्ना येथे निकाल जाहीर झाला : औषधी गटात ३८ जणींना लागण झाली, दुसऱ्या गटात ६० जणींना. लागण ३९ टक्क्यांनी घटली होती. याचा अर्थ शंभरांतील ३९ स्त्रिया सुरक्षित झाल्या असा नव्हे; जेथे शंभर जणींना लागण झाली असती तेथे सुमारे ६१ जणींना झाली, असा आहे. जेल पहिल्यांदाच यशस्वी झाले होते.

आनंद फार काळ टिकला नाही. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे येथील ५,०२९ स्त्रियांची 'व्हॉइस' ही मोठी चाचणी झाली. तिच्यात रोज जेल किंवा रोज गोळी घ्यायची होती. २०१३ साली जाहीर झालेल्या निकालानुसार कोणतीही पद्धत उपयोगी ठरली नाही. का, याचे उत्तर रक्ताने दिले. विचारले असता सुमारे ९० टक्के वेळा औषध घेतल्याचे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात जेलच्या गटातील केवळ २५ टक्के रक्तनमुन्यांत आणि गोळ्यांच्या गटांतील सुमारे ३० टक्के नमुन्यांत औषध सापडले.

'बायका खोटे बोलल्या' असे म्हणून हा विषय संपवणे सोपे आहे. पण मला ते अन्यायाचे वाटते. आपण त्यांच्या जागी असतो तर? वय विशीतले, प्रकृती ठणठणीत, आणि घरात एड्सच्या औषधाची बाटली. नवऱ्याने पाहिली, सासूने पाहिली, तर काय समजतील? "मी आजारी नाही, मग औषध कशाला?" ही शंका स्वतःच्या मनातही असतेच. आणि तपासणीला गेल्यावर प्रेमाने वागणाऱ्या परिचारिकेला "नाही घेतले" असे सांगायला जीभ रेटत नाही. आपल्याकडे रक्तवाढीच्या गोळ्या किती गरोदर स्त्रिया नियमित घेतात, हे येथे बसलेल्या डॉक्टरांना मी सांगायला नको. साधन स्त्रीच्या हाती दिले एवढ्याने भागत नाही; ते तिच्या दिवसात, तिच्या घरात, तिच्या भीतीत बसणारे असावे लागते. हा दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा धडा.

रिंग आणि इंजेक्शन

म्हणून पुढचा प्रयत्न, रोजची आठवण ठेवावी लागू नये असा होता. सिलिकोनची, लहान मुलीच्या बांगडीएवढी लवचीक रिंग. तिच्यात डॅपिविरीन हे औषध भरलेले. ती स्त्रीने स्वतः योनीत बसवायची, महिनाभर ठेवायची, मग बदलायची. औषध थोडे थोडे पाझरत राहते, मुख्यतः जागच्या जागी राहते आणि गर्भधारणेस आड येत नाही. २०१६ साली आफ्रिकेतील दोन चाचण्यांचे निकाल आले. एकीत लागण २७ टक्क्यांनी, दुसरीत ३१ टक्क्यांनी कमी झाली होती. पहिल्या चाचणीत एकविसाहून अधिक वयाच्या स्त्रियांना निम्म्याहून जास्त संरक्षण मिळाले, त्याहून लहान मुलींना मात्र जवळपास काहीच नाही. त्यांच्यात रिंगचा वापरही कमी आढळला. तरीही, दुसरे काही वापरू न शकणाऱ्या स्त्रीला हा एक पर्याय असावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या जानेवारीत रिंगची शिफारस केली. झिम्बाब्वे, दक्षिण आफ्रिका आदी देशांनी तिला मान्यता दिली.

त्यानंतर इंजेक्शने आली. कॅबोटेग्रॅविर हे दर दोन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन. आफ्रिकेच्या सात देशांतील ३,२२४ स्त्रियांत त्याची तुलना रोजच्या गोळीशी केली गेली. इंजेक्शनच्या गटात ४ जणींना लागण झाली, गोळीच्या गटात ३६ जणींना. २०२० साली हा निकाल इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवून सर्वांना माहिती देण्यात आली.

आणि २०२४ च्या जून महिन्यात लेनाकॅपाविरची बातमी आली. हे औषध विषाणूच्या अंतर्भागातील प्रथिनांच्या कवचावर काम करते. ते कवच योग्य वेळी उघडणे-जुळणे बिघडले की विषाणूचे जीवनचक्र थांबते. पोटाच्या त्वचेखाली दर सहा महिन्यांनी इंजेक्शन. सुरुवातीच्या दोन दिवशी जोडीला गोळ्या. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील पाच हजारांहून अधिक तरुण स्त्रिया व किशोरी या चाचणीत होत्या. लेनाकॅपाविर मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजची गोळी मिळालेल्या एका गटात १,०६८ पैकी १६ जणींना झाली. नॉनॉक्सिनॉलच्या त्या निकालापासून या शून्यापर्यंत पोहोचायला चोवीस वर्षे लागली. अमेरिकेने २०२५ च्या जूनमध्ये या औषधाला प्रतिबंधासाठी मान्यता दिली आणि जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

वर्षातून दोन इंजेक्शने. घरात बाटली नाही, कपाटात पाकीट नाही, कोणाला काही दिसत नाही. स्त्री बाजाराला जाता जाता आरोग्यकेंद्रात डोकावू शकते. व्हॉइस चाचणीतील स्त्रियांनी जे शब्दांत सांगितले नव्हते, ते येथे ऐकले गेले असे म्हणता येईल.

'तिच्या हाती' म्हणजे काय?

येथे एक प्रश्न राहतो. रिंग स्त्री स्वतः बसवते, स्वतः काढते. इंजेक्शन मात्र दवाखान्यातच मिळते. दवाखाना दूर असेल, औषध संपले असेल, परिचारिकेने तुच्छतेने पाहिले, तर तिच्या हातातले साधन पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेले. नवऱ्याच्या परवानगीऐवजी व्यवस्थेची मर्जी आली. म्हणून कोणतेही साधन पारखताना मी चार प्रश्न विचारते : ते वापरायला कोणाची संमती लागते का? ते कोणाच्या नजरेस पडते का? मूल हवे असतानाही ते वापरता येते का? आणि जवळच्या आरोग्यकेंद्रात, तिला परवडेल अशा रीतीने, नियमितपणे ते मिळते का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही.

अमेरिकेत लेनाकॅपाविरची वर्षाची किंमत अठ्ठावीस हजार डॉलरहून अधिक ठेवण्यात आली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मूळ कंपनीने १२० देशांसाठी स्वस्त औषध बनवण्याचा परवाना सहा उत्पादकांना दिला. त्यांत पुण्याची एम्क्युअर, तसेच हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या आहेत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबादच्या या दोन कंपन्यांनी २०२७ पासून वर्षाला सुमारे चाळीस डॉलरला हे औषध देण्याचे करार जाहीर केले. ज्या पुण्याने विवाहितेचा प्रश्न जगापुढे आकड्यांत मांडला, त्या पुण्याचे नाव उत्तराच्या यादीतही आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र औषध स्वस्त झाले तरी ते गावोगाव पोहोचवायला पैसा लागतो. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक केंद्रांचे काम विस्कळीत झाले. स्त्रीच्या रक्षणाची दोरी किती लांबवरच्या हातात असू शकते, हे त्यावेळी दिसले.

दोन सूचना दिल्याखेरीज पुढे जाणे योग्य होणार नाही. पहिली, ही औषधे सुरू करण्याआधी आणि चालू असताना रक्ततपासणी अत्यावश्यक आहे. लागण आधीच झालेली असेल तर एकटे प्रतिबंधक औषध अपुरे पडते आणि विषाणू त्याला निर्ढावतो. दुसरी, रिंग किंवा इंजेक्शन इतर गुप्तरोगांपासून वा नको असलेल्या गर्भापासून वाचवीत नाही; निरोधाचे महत्त्व कायम आहे.

स्त्रीला साधन मिळाले म्हणून पुरुष जबाबदारीतून मोकळा झाला, असाही अर्थ कोणी काढू नये. बाधित जोडीदाराने औषधे वेळेवर घेऊन विषाणूचे प्रमाण दाबून ठेवले तर लागण होत नाही. २०११ साली जाहीर झालेल्या ज्या आंतरराष्ट्रीय चाचणीने या गोष्टीचा भक्कम पाया घातला, तिची केंद्रे पुणे आणि चेन्नई येथेही होती. भारतात ही औषधे सरकारी केंद्रांतून २००४ पासून मोफत मिळतात. पण त्यासाठी पुरुषाने आधी तपासणी करून घेतली पाहिजे. घरातला पुरुष तपासणीला तयार असेल तर उत्तमच; तो तयार होईपर्यंत स्त्रीने वाट पाहत राहावे, हे मात्र मान्य होण्यासारखे नाही.

शेवटी आपल्या हाती काय आहे ते सांगते. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एच.आय.व्ही.ची तपासणी मोफत होते. २०१७ च्या कायद्याने, जो २०१८ पासून अमलात आला, संमतीविना तपासणी करण्यास आणि बाधित व्यक्तीची माहिती परवानगीविना उघड करण्यास मनाई केली आहे, तसेच नोकरी, शिक्षण व उपचार यांत भेदभाव करण्यासही. हे आपल्या मुलींना माहीत असावे. त्यांच्या लग्नाच्या याद्या करताना आपण पत्रिका पाहतो, पगार पाहतो. दोघांच्या रक्ततपासणीचा विषय त्याच बैठकीत, त्याच आवाजात निघाला तर कोणाचा अपमान होत नाही. मुलग्यांशीही हे बोलावे, कारण ज्या प्रश्नातून हे सारे संशोधन जन्मले त्याचे मूळ त्यांच्या वागण्यात आहे. आणि उद्या ही साधने आपल्या आरोग्यकेंद्रांत आली, तर ती घ्यायला आलेल्या स्त्रीकडे कोणी वळून पाहणार नाही, एवढे वातावरण आपण आजपासून तयार करू शकतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.